कॅल्क्युलेटर घेण्याआधी पुस्तक उघडा

संपादक महोदय,

मुलाला घरीच शिकवणाऱ्या पालकांपुढे गणिताचा अभ्यासक्रम थोडा वर सरकला की एक प्रश्न हमखास येतो : कॅल्क्युलेटर कोणता घ्यायचा? शाळेत हे शिक्षक ठरवतात आणि सगळ्या वर्गाकडे सहसा एकसारखाच कॅल्क्युलेटर असतो. घरी सांगणारे कोणी नसते. मग ‘एकदाच चांगला घेऊन टाकू’ म्हणून ग्राफिंगचा, म्हणजे पडद्यावर आलेख काढून दाखवणारा महागडा कॅल्क्युलेटर आणला जातो आणि त्याची निम्मी बटणे मुलाला वर्षानुवर्षे लागत नाहीत.

खरेदीआधी अभ्यासक्रमाच्या पुस्तकातली सोडवलेली उदाहरणे चाळावीत. त्रिकोणमिती, लॉगरिदम, प्रमाण विचलन यांपैकी काहीच दिसत नसेल, तर सायंटिफिक कॅल्क्युलेटरची वेळ अजून आलेली नाही. अपूर्णांक, ऋण संख्या आणि शेकडेवारी हातात बसेपर्यंत कॅल्क्युलेटर फक्त उत्तर पडताळायला द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. तेव्हाही काळजी हवी. साध्या चार क्रियांच्या कॅल्क्युलेटरवर २ + ३ × ४ ओळीने दाबले की २० येतात, सायंटिफिकवर १४. साधा कॅल्क्युलेटर प्रत्येक क्रिया दाबल्या क्रमाने उरकतो, गुणाकाराला आधी मान देत नाही. क्रियांचा क्रम शिकणाऱ्या मुलाच्या हाती तो दिला, तर बरोबर सोडवलेले गणित मूल खोडून टाकते.

दुसरी पाहायची गोष्ट म्हणजे मूल पुढे ज्या परीक्षेला बसणार तिचे नियम. केंब्रिजच्या आयजीसीएसई या दहावीच्या पातळीच्या परीक्षेच्या गणितात (विषय क्रमांक ०५८०) २०२५ पासून एक पेपर कॅल्क्युलेटरविना सोडवायचा असतो आणि दुसऱ्याला सायंटिफिक चालतो, ग्राफिंग नाही. आयबी डिप्लोमा या अकरावी-बारावीच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या गणितात मात्र ग्राफिंग लागतोच. बीजगणिताची समीकरणे अक्षरांसकट सोडवणारी मॉडेल्स एसीटी या अमेरिकी महाविद्यालयीन प्रवेश परीक्षेला चालत नाहीत. त्यामुळे ‘सगळ्यात चांगला कॅल्क्युलेटर’ या प्रश्नाला परीक्षा ठाऊक असल्याशिवाय उत्तरच नाही.

बहुतेक घरांना दोन ओळींचा किंवा पुस्तकासारखा अपूर्णांक दाखवणारा सायंटिफिक पुरतो. टाकलेली राशी पडद्यावर दिसत राहते आणि बाण मागे नेऊन चूक दुरुस्त करता येते. शिकवणाऱ्याला याचा मोठा उपयोग, कारण मुलाने नेमके काय दाबले ते कळते. कॅसिओ एफएक्स-८२ मालिकेत एवढे मिळते. एफएक्स-९९१ मध्ये समीकरणे, मॅट्रिक्स आणि संख्यात्मक संकलनही (इंटिग्रेशन) आहे. ते वरच्या इयत्तांत कामाचे. वर्गसमीकरणाचे अवयव पाडायला शिकणाऱ्या मुलाला मात्र ते आयते उत्तर देते. आणखी एक : एफएक्स-९९१सीडब्ल्यू या नव्या मॉडेलची बटणांची मांडणी त्याच मालिकेतल्या जुन्या ईएस आणि ईएक्स मॉडेलांपेक्षा वेगळी आहे. उत्तराचा अपूर्णांक-दशांश बदलणारे जुने एस-डी बटण तिच्यावर नाही, ते काम ‘फॉरमॅट’मधून करावे लागते. पुस्तकातल्या किंवा व्हिडिओतल्या सूचना जुन्या मॉडेलच्या असतील, तर मूल बटण शोधत बसते आणि गणित बाजूला राहते.

शिकवणाऱ्यानेही तेच मॉडेल वापरावे. पालकाचा वेगळा आणि मुलाचा वेगळा असला की फरक कुठून आला हे कळत नाही. ६ ÷ २(१ + २) हे एफएक्स-९९१ईएक्सवर १ येते आणि टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या (टीआय) टीआय-८४ या ग्राफिंग कॅल्क्युलेटरवर ९, कारण कंसाआधीचा न लिहिलेला गुणाकार पहिला कॅल्क्युलेटर भागाकाराच्या आधी करतो. दोन्ही आपापल्या नियमाने बरोबर आहेत. मुलाला उपाय एकच : शंका आली की कंस घालायचा. टीआयवर वजाबाकीचे आणि ऋण चिन्हाचे बटण वेगळे आहे. ५ × −३ मध्ये वजाबाकीचे बटण दाबले की ‘सिंटॅक्स एरर’ येते.

सर्वांत जास्त वेळ खातो तो कोनाचा मोड, म्हणजे कोन कोणत्या एककात मोजायचा ही निवड. साइन ३० चे उत्तर ०.५ यायला हवे. −०.९८८ आले तर कॅल्क्युलेटर रेडियनमध्ये आहे, ०.४५४ आले तर ग्रेडियनमध्ये (यात काटकोनाचे १०० भाग मानतात). पडद्याच्या वरच्या कडेला डी, आर किंवा जी हे बारीक अक्षर असते. ते पाहायची सवय पहिल्याच दिवशी लावावी आणि त्रिकोणमितीचा प्रत्येक धडा साइन ३० दाबून सुरू करावा. पुढे कलनात (कॅल्क्युलस) उलटे होते, तिथे रेडियन लागतात. शून्यापाशी साइनचे अवकलज (डेरिव्हेटिव्ह) १ हवे असते आणि डिग्रीत राहिलेला कॅल्क्युलेटर ०.०१७४५ दाखवतो.

दहाच्या घातांसाठी ईएक्सपी, ईई किंवा ×१० असे वेगळे बटण असते, तेच वापरावे. ६ गुणिले १० चा आठवा घात भागिले २ गुणिले १० चा तिसरा घात, हे सुटे गुणाकार म्हणून दाबले तर उत्तर ३ गुणिले १० चा अकरावा घात येते. खरे उत्तर पाचवा घात. सांख्यिकीत सिग्मा (संपूर्ण समूहाचे) आणि एस (नमुन्याचे) अशी दोन प्रमाण विचलने दिसतात. २, ४, ४, ४, ५, ५, ७, ९ या संख्यांसाठी पहिले २ येते आणि दुसरे २.१३८. पहिल्यात ८ ने भागलेले असते, दुसऱ्यात ७ ने. पुस्तकाला कोणते हवे ते आधी पाहून ठेवावे.

मोबाइलमधले अॅप सरावाला चालेल, पण परीक्षेत फोन नेता येत नाही आणि बोटांना बटणांची सवय ऐन वेळी होत नाही.

होमस्कूलिंगचे अभ्यासक्रम छापणाऱ्यांना आपल्या वृत्तपत्रातून एक विनंती आहे. पुस्तकाच्या पहिल्याच पानावर कॅल्क्युलेटरचे मॉडेल, कोनाचा मोड आणि उत्तरे किती दशांश स्थळांपर्यंत द्यायची, एवढे स्पष्ट छापावे. कॅल्क्युलेटर बाजूला ठेवून सोडवायची उदाहरणेही खूण करून वेगळी दाखवावीत.

आपली,
एक गणित शिक्षिका