पंखे दोन, इंजिने चार

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत महायुद्धातल्या जर्मन विमानांवरचा लेख वाचला. त्यात 'हाइंकेल 177'ला दोन इंजिनांचे बॉम्बर म्हटले आहे. फोटोत पुढचे फिरणारे पंखे दोनच दिसतात, पण इंजिने चार होती. बारा-बारा सिलिंडरची दोन इंजिने शेजारी-शेजारी ठेवून एका गिअरबॉक्सला जुंपायची आणि दोघांनी मिळून एक पंखा फिरवायचा, अशी ती रचना. ही जोडीच चुकली म्हणून विमान बदनाम झाले, आणि लेखकाने मात्र 'दुर्दैवी' म्हणून दोन ओळींत विषय मिटवला.

मी 31 वर्षे डिझेल इंजिनांवर काढली. एका कारखान्यात दोन जनरेटर सेट इतके खेटून बसवले होते की मधल्या बाजूचे पॅकिंग बदलायला आमच्यातला सगळ्यात किडकिडीत पोरगा आत घालावा लागे. अर्थात ते काम नेहमी 'उद्या' व्हायचे. एकदा तिथूनच झिरपलेले ऑइल तापलेल्या सायलेन्सर पाइपवर पडले आणि भडका उडाला. वाळूच्या बादल्या होत्या म्हणून निभावले.

विमानात वाळूच्या बादल्या कुठून आणणार? तिथे जोडीच्या आतल्या बाजूच्या बाराही सिलिंडरचा धूर एकाच मॅनिफोल्डमधून, म्हणजे धूर गोळा करणाऱ्या नळीतून, जाई. तो भयंकर तापे आणि काउलिंगच्या (इंजिनावरच्या पत्र्याच्या आवरणाच्या) तळाशी साठलेले तेल पेटे. इंजिने विमानाच्या पंखातल्या मुख्य तुळईला (स्पारला) खेटून, नळ्या-वायरी कोंबलेल्या, आग अडवणारी धड फायरवॉलही नाही. नोव्हेंबर 1939 मध्ये पहिले उड्डाणच इंजिने तापल्यामुळे 12 मिनिटांत आटोपावे लागले होते.

मुळात जोडी लावली का? पंख्यांची संख्या निम्मी, म्हणजे हवेचा अडथळा कमी. पण त्याहून मोठे कारण वरच्यांचा हट्ट. भरल्यावर 30 टनांच्या या धुडाने सूर मारून बॉम्ब टाकावेत! विमान बनवणाऱ्या हाइंकेलने चार सुटी इंजिने मागितली होती, ती या अटीपायी नाकारली गेली. 1942 मध्ये अट उठली, तोवर जोडइंजिनांचे उत्पादन सुरू झालेले. त्याच वर्षी जर्मन हवाई दलाचा प्रमुख गोअरिंग 'वेल्डिंग केलेल्या इंजिनां'वर डाफरला. वेल्डिंग कुठले, गिअरबॉक्स होता. पण साहेब लोकांना कोण सांगणार!

फेब्रुवारी 1944 मध्ये लंडनवर हल्ल्यासाठी अशी 13 विमाने निघाली. एक टायर फुटून परतले, आठ इंजिने तापल्याने किंवा पेटल्याने. ही आठ शत्रूने नव्हे, स्वतःच्या इंजिनांनी परत पाठवली. जर्मन वैमानिक याला हवाई दलाचा 'लायटर' म्हणत, ते उगाच नव्हे.

निदान फोटोखालची ओळ तरी 'चार इंजिने' अशी दुरुस्त करून छापावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त डिझेल मेकॅनिक, चिंचवड