बाबा, माझं काम काय आहे ते नीट सांगते

प्रिय आई, बाबा,

साष्टांग नमस्कार. परवा फोनवर बाबा तुम्ही एकदम गप्प झालात, मग आई म्हणाली जेवलीस का, आणि विषय तिथेच राहिला. तेव्हापासून मनाला लागून राहिलंय म्हणून लिहायला बसले. तुम्ही एवढंच विचारलंत, "पीएचडी करून आता माल विकायचा का?" तुमचं काही चुकलं नाही, माझ्या कामाचं नाव बिझनेस डेव्हलपमेंट, ते ऐकून कुणालाही तसंच वाटणार. मीच आजवर नीट सांगितलं नाही.

आमचं सेंटर इथल्या, म्हणजे अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन युनिव्हर्सिटीचं आहे, विस्कॉन्सिन क्रॉप इनोव्हेशन सेंटर, मॅडिसन शहराला लागून मिडलटन म्हणून गाव आहे तिथे. आधी या जागेत अ‍ॅग्रासीटस नावाची कंपनी होती. १९८८ साली त्यांच्या लोकांनी सोन्याच्या अगदी बारीक कणांवर डीएनए चढवून ते सोयाबीनच्या कोंबात मारले आणि त्यातून नवीन जीन, म्हणजे गुण ठरवणारा डीएनएचा तुकडा, असलेलं झाड उभं केलं. तणनाशक मारलं तरी न मरणारं जे सोयाबीन इथले शेतकरी १९९६ पासून पेरतात, त्याचं मूळ झाड पण त्यांनीच केलेलं. पुढे कंपनी मोन्सँटो या बियाण्यांच्या मोठ्या कंपनीकडे गेली, आणि २०१६ च्या डिसेंबरात मोन्सँटोने ती सगळी जागा ग्रीनहाऊससकट युनिव्हर्सिटीला देऊन टाकली. पहिल्या दिवशी मी आत पाऊल टाकलं ना, तेव्हा मला आपलं औशाकडचं रान आठवलं, कारण आपल्या घरात माझ्या शिक्षणाची फी सोयाबीननेच भरली.

आता माझं काम. समजा दुसऱ्या राज्यातल्या एखाद्या प्राध्यापकाला वाटतं की अमुक एका जीनमुळे पीक पाण्याचा ताण सहन करेल, किंवा दोन-चार जणांची छोटी कंपनी असते, त्यांच्याकडे कल्पना असते पण हात नसतात. कागदावरचा जीन झाडात घालणं हे सगळ्यांना जमत नाही, त्याला वर्षानुवर्षं बसलेला हात लागतो आणि तो आमच्या लॅबमधल्या लोकांकडे आहे. अशी माणसं शोधायची, त्यांना नेमकं काय पाहिजे ते ऐकून घ्यायचं, आमच्याने होईल का ते लॅबला विचारायचं, मग खर्च किती, वेळ किती, तयार झालेलं बी कुणाचं, पेटंट कुणाचं, हे सगळं करारात बसवायचं. टीम माझ्याकडे आहे, पण अर्धा वेळ मी लॅबमध्येच असते, कारण तिथलं कळल्याशिवाय समोरच्याला काय सांगणार?

मागच्या आठवड्यात लॅबमधल्या मैत्रिणीने मला हाक मारून एक डबी दाखवली. सोयाबीनचे कोंब एका अँटिबायोटिकवर ठेवलेले असतात, ज्यात नवीन जीन शिरला नाही ते पांढरेफटक पडतात आणि ज्यात शिरला ते हिरवे राहतात. सगळी डबी पांढरी, आणि मधे तीन कोंब हिरवेगार. ती एकेक बोटाने दाखवून मोजत होती आणि आई, मला तू दिसलीस. ओलं गोणपाट अंथरून दहा-दहाच्या दहा ओळी लावायचीस, गुंडाळून ठेवायचीस, आणि मग ओसरीत बसून कोंब मोजायचीस, सत्तरच्या वर निघाले की बाबांना म्हणायचीस, चालतंय, पेरा.

२०२० ला मात्र घरचं बी आपण आधीच विकून बसलो होतो. विकतची थैली, त्यावर छान लेबल, म्हणून गोणपाट लावलंच नाही, आणि निम्मं रान उगवलंच नाही. दुबार पेरणीचे पैसे बाबांनी कुठून आणले ते मला नंतर कळलं. तेव्हा बांधावर उभं राहून तुम्ही म्हणाला होतात, "खरं सांगायला एक माणूस नाही यांच्यात." हे मी कधीच विसरले नाही बाबा.

दोन महिन्यांपूर्वी एका कंपनीचे लोक आले होते, त्यांना चार महिन्यांत बी हातात हवं होतं, कारण पैसे लावणाऱ्यांना दाखवायचं होतं. काम मोठं होतं, हो म्हटलं असतं तर वर्षाचं टार्गेट तिथेच झालं असतं. पण सोयाबीनला कोंबापासून पक्कं बी हातात यायला वर्षाच्या आसपास लागतं, मी तसंच सांगितलं, आणि ते निघून गेले. वाईट वाटलं, पण झोप शांत लागली.

आणि बाबा, तुम्ही इतकी वर्षं जे जेएस ३३५ पेरलंत ते जबलपूरच्या कृषी विद्यापीठाचं वाण, एमएयूएस ७१ आपल्या परभणीचं. विद्यापीठात कुणीतरी तयार केलं, आणि मधल्या माणसांनी ते आपल्या तिफणीपर्यंत आणलं. मी त्या मधल्या माणसांत आहे. इथे ही पद्धत जुनी आहे, १९२५ मध्ये व्हिटॅमिन डीच्या पेटंटसाठी या युनिव्हर्सिटीच्या माजी विद्यार्थ्यांनी संस्था काढली, पेटंटचा पैसा परत संशोधनात जावा म्हणून, आणि ती आजही चालू आहे.

तुम्ही विचाराल, तुमचं बी आपल्याकडे कधी येणार? असं बाहेरून जीन घातलेलं सोयाबीन आपल्याकडे लावायला परवानगी नाही, तसं पीक म्हणून २००२ पासून शेतकऱ्यांच्या रानात आलंय ते बीटी कापूसच. त्यामुळे आत्ता तरी नाही, उगाच आशा लावत नाही. पण इथे जे शिकतेय ते एक दिवस परभणीच्या कुणाबरोबर तरी बसून करावं असं फार मनात आहे.

बाबा, गुडघ्याची गोळी चुकवू नका. आई, या वर्षी घरचं बी ठेवलंयस ना? मे संपताना गोणपाट लावलंस की व्हिडिओ कॉल कर, कितीही वाजलेले असोत, आपण तिघं मिळून मोजू.

तुमची,
ताई