२००१ला स्लो म्हणणाऱ्यांसाठी

मा. संपादक,

स.न.वि.वि.

अंतराळावरच्या सिनेमांचा विषय निघाला की स्टॅन्ली कुब्रिकच्या '२००१: अ स्पेस ओडिसी'चं नाव सगळेच घेतात, आणि पाठोपाठ कुणीतरी म्हणतंच की ग्रेट आहे पण जाम स्लो आहे. मला हे पटत नाही, म्हणून हे पत्र. तो सिनेमा संथ आहे कारण अंतराळातला प्रवासच तसा असतो, आणि हे पडद्यावर दाखवायची हिंमत त्याच्याइतकी क्वचितच कुणी केलीये.

सिनेमा आला एप्रिल १९६८ मध्ये, म्हणजे माणूस चंद्रावर उतरायच्या सव्वा वर्ष आधी. चंद्राच्या कडेवरून उगवणाऱ्या पृथ्वीचा अपोलो ८ चा तो फेमस फोटोसुद्धा त्याच वर्षीच्या डिसेंबरचा, सिनेमानंतरचा. आजच्यासारखे कॉम्प्युटर ग्राफिक्स तेव्हा नव्हतेच, यानाचा सगळा कारभार बघणाऱ्या हॅल नावाच्या बोलत्या कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर जे आकडे आणि आलेख पळताना दिसतात ती पण मागून प्रोजेक्ट केलेली फिल्म आहे. झोपलेल्या प्रवाशाच्या हातातून सुटलेलं पेन हवेत अलगद फिरत राहतं ना, ते चक्क एका मोठ्या काचेला चिकटवून काच फिरवलीये. आणि यानाच्या आतलं ते गोल चाक, ज्यात अंतराळवीर जॉगिंग करतो, ते खरोखर बांधलं होतं, ३८ फूट व्यासाचं, साधारण ३० टन वजनाचं, आख्खा सेट फिरायचा आणि नट खालच्या बाजूला राहून पळत असायचा. हे कळल्यावर तो सीन परत बघा, तरीसुद्धा कळत नाही कुठे काय केलंय ते.

पण माझ्यासाठी खरी कमाल आहे ती शांततेची. सुरुवातीची जवळपास पंचवीस मिनिटं एकही संवाद नाही. पुढे यानाबाहेरचे सीन येतात तेव्हा ना इंजिनाचा आवाज ना धडामधुडूम, फक्त हेल्मेटच्या आतला श्वास, कारण निर्वात पोकळीत आवाज जाणारच कसा. अंतराळवीर डेव्ह बोमन हेल्मेटशिवाय पॉडमधून, म्हणजे छोट्या यानातून, मोठ्या यानाच्या एअरलॉकमध्ये (आत शिरायच्या हवाबंद खोलीत) झेप घेतो तो क्षण आठवा, दरवाजा उडतो, तो आत भिरकावला जातो आणि कानावर काहीच येत नाही, हवा आत भरायला लागते तेव्हाच आवाज सुरू होतो! (त्याने श्वास रोखून धरायला नको होता, फुफ्फुसांना इजा होते, आणि चंद्राचे डोंगर पण सिनेमात आहेत त्यापेक्षा बरेच गोलसर निघाले, पण काही सेकंद पोकळीत माणूस जगू शकतो हे मात्र बरोबर आहे.)

अजून एक छोटी गोष्ट, जी बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटते. यानावरच्या लोकांची टीव्हीवर मुलाखत चालू असते आणि निवेदक सांगतो की आमचे शब्द तिथे पोचायला सात मिनिटं लागली, मधला वेळ आम्ही कापलाय. यान तेव्हा पृथ्वीपासून ८ कोटी मैलांवर आहे असंही सांगितलंय, आता प्रकाशाच्या वेगाने भागून बघा, उत्तर सात मिनिटांच्या जरासंच वर येतं. इतका हिशोब करून लिहिणारा पटकथालेखक म्हणजे आर्थर सी. क्लार्क, कुब्रिकच्या जोडीला.

हॅलबद्दल तर काय लिहू. तीन माणसं दीर्घ झोपेत असतानाच तो मारतो आणि आपल्याला दिसतात फक्त सपाट होत जाणाऱ्या रेषा आणि स्क्रीनवर लुकलुकणारी अक्षरं, किंकाळी नाही की रक्त नाही, इतका थंड खून मी दुसऱ्या कुठल्या सिनेमात पाहिला नाही. आणि त्यालाच शेवटी बंद करताना तो 'डेझी बेल' गायला लागतो तेव्हा त्याचीच कणव येते. हे गाणं पण उगाच निवडलेलं नाही, १९६१ मध्ये बेल लॅब्समध्ये एका आयबीएम कॉम्प्युटरला हेच गायला लावलं होतं आणि क्लार्कने ते प्रत्यक्ष ऐकलं होतं.

शेवटचा रंगांचा भाग आणि ती पांढरी खोली डोक्यावरून जाते अशी तक्रार असते. मला तो भाग मनापासून आवडतो, पण ज्यांना उलगडा हवाच असेल त्यांनी क्लार्कची त्याच नावाची कादंबरी वाचावी, १९६८ चीच आहे, तिच्यात बरंच सरळ सांगितलंय.

या सिनेमाला ऑस्कर मिळालं ते फक्त स्पेशल इफेक्ट्सचं, आणि कुब्रिकच्या नावावर आयुष्यात तेवढं एकच ऑस्कर. तुमच्या सिनेमाच्या पानावर कधीतरी डग्लस ट्रंबुल आणि त्या इफेक्ट्सवर राबलेल्या बाकीच्या मंडळींवर सविस्तर लेख द्या, आणि जे पहिल्यांदाच बघणार आहेत त्यांनी प्लीज मोबाईलवर स्पीड वाढवून बघू नका, जमेल तेवढा मोठा पडदा आणि चांगला आवाज असेल तिथेच बघा.

आपला,
एक सिनेमाप्रेमी वाचक