फिल्टरच्या आधी लेन्स विचारणाऱ्या काकूंना

आदरणीय काकू,

सादर नमस्कार.

हे पत्र तुमच्या स्टुडिओच्या दुकानात येऊन हातात देता आलं असतं. पण तुम्ही मला जे शिकवलंत ते कोल्हापुरात नव्याने कॅमेरा घेतलेल्या प्रत्येकाच्या कामाचं आहे, म्हणून चारचौघांत लिहिते आहे. नाव घालायचं नाही, असं तुम्ही बजावलंत. ते पाळते.

माझ्या हातात लेन्सपुढे लावायच्या फिल्टरांची यादी होती: यूव्ही (अतिनील किरण अडवणारा), पोलरायझर (चकाकी कापणारा), एनडी (प्रकाश कमी करणारा), ग्रॅज्युएटेड एनडी (अर्धा गडद, अर्धा मोकळा). आणि सगळं दोनदा, एकदा 16-35 मिलीमीटरच्या वाइड, म्हणजे रुंद बघणाऱ्या लेन्ससाठी, एकदा 150-600 च्या लांबचं जवळ आणणाऱ्या लेन्ससाठी. सरळ बिल करता आलं असतं. तुम्ही यादी बाजूला ठेवून विचारलंत, "कुठल्या लेन्समधनं काय बघणार हाईस, ते सांग आधी." त्या प्रश्नामुळे माझे पैसे वाचले हे खरंच, पण मी आभार मानते ते त्यापुढच्या गोष्टीसाठी. फिल्टरची निवड लेन्स किती रुंद बघते यावर ठरते, हे तुम्ही मला नुसतं सांगितलं नाहीत, रंकाळ्यावर उभं करून दाखवलंत.

सकाळची वेळ, निरभ्र आकाश. सूर्य खांद्याशी येईल असं तुम्ही मला उभं केलंत आणि 16 मिलीमीटरवर पोलरायझर हळूहळू फिरवायला लावलात. शालिनी पॅलेसवरच्या आकाशात मधोमध गडद निळा पट्टा उतरला आणि दोन्ही कडा फिक्याच राहिल्या. सूर्यापासून 90 अंशांवरच्या आकाशाचा प्रकाश सर्वांत जास्त ध्रुवित (एकाच दिशेत कंप पावणारा) असतो, पोलरायझर तिथेच सगळ्यात जोरात काम करतो. फुल फ्रेमवर (35 मिलीमीटर फिल्मएवढ्या सेन्सरवर) 16 मिलीमीटरची लेन्स आडवं जवळजवळ 97 अंश बघते, म्हणजे तो पट्टाही फ्रेममध्ये येतो आणि त्याच्या बाहेरचं आकाशही. मग तोच प्रयोग लांबच्या लेन्सवर. 600 ला आडवा कोन साडेतीन अंशांच्या आत. आकाश कडेपासून कडेपर्यंत एकसारखं. काच बदलली नव्हती, बघणारा डोळा बदलला होता. कितीही वाचलं असतं तरी हे असं डोक्यात बसलं नसतं.

म्हणून वाइडवर पोलरायझर नकोच असं मात्र तुम्ही म्हणाला नाहीत, आणि मला ते फार मोलाचं वाटतं. "आकाश कमी घे आणि पाण्यावर लाव," एवढंच म्हणालात. पावसाळ्यात राऊतवाडीच्या धबधब्यावर ते करून पाहिलं. ओल्या खडकांवरची, पानांवरची पांढरी चकाकी गेली आणि खालचा हिरवा रंग वर आला. पाण्याच्या पृष्ठभागाशी साधारण 37 अंशांचा कोन धरला की प्रतिबिंब सर्वांत जास्त कापलं जातं, हे तुमचं सांगणं तिथे पटलं. तुषारांत इंद्रधनुष्य दिसलं तर फिल्टर सावकाश फिरव, एका बाजूला ते उठून दिसतं आणि दुसऱ्या बाजूला पुसलं जातं, हेही तुम्हीच सांगितलेलं.

लांबच्या लेन्सचा हिशेब तुम्ही कागदावर मांडलात. पोलरायझर दीड ते दोन स्टॉप प्रकाश खातो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा). राधानगरीच्या झाडीत गवा टिपताना 600 ला अ‍ॅपर्चर एफ 6.3, शटर 1/500 सेकंद आणि आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) 3200 असेल, तर दोन स्टॉप गेल्यावर तोच आयएसओ 12800 होतो आणि फोटो दाणेदार दिसतो. रानात तो काढूनच ठेवायचा. पन्हाळ्यावरून दूरच्या डोंगररांगा काढताना मात्र बाजूने ऊन असेल तर लावायचा, धुरकटपणा बराच कमी होतो.

यूव्हीबद्दल तुमच्याइतकं स्पष्ट मला कुणीच बोललं नव्हतं. डिजिटल सेन्सरवर अतिनील किरण अडवणारा थर आधीच असतो, त्यामुळे फिल्मच्या काळातलं त्याचं काम संपलंय. उरतं ते लेन्सच्या संरक्षणाचं. साध्या, कोटिंग नसलेल्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग सुमारे 4 टक्के प्रकाश परत फेकतो, म्हणजे दोन्ही मिळून 8 टक्के. शिवाय लांब लेन्स काचेतला बारीकसा दोषही मोठा करून दाखवते. हजारो रुपयांची लेन्स घेऊन तिच्यापुढे शेदोनशेची काच लावू नकोस, हुड (लेन्सपुढची सावली धरणारी कडी) लाव, असं तुम्ही म्हणालात. अपवाद सांगितलात तो फक्त आपल्या भागातल्या माणसालाच सुचेल: जोतिबाची चैत्र यात्रा. तो गुलाल लेन्सच्या फटीत जाण्यापेक्षा चांगल्या मल्टिकोटेड फिल्टरवर बसलेला बरा. आणि त्रिपुरी पौर्णिमेला पंचगंगा घाटावर तोच फिल्टर आठवणीने काढायचा, नाहीतर पणत्यांची उलटी भुतं काळ्या पाण्यात आणि आभाळात तरंगतात.

एनडीच्या बाबतीत व्हेरिएबल (फिरवून कमीजास्त गडद करता येणारा) एकच घेऊन भागवायचा माझा बेत होता. त्यात दोन पोलरायझर एकमेकांवर फिरतात, आणि वाइड लेन्सवर तो फार गडद केला की फ्रेमवर काळी फुली उमटते. तुम्ही 16-35 साठी ठरावीक 10 स्टॉपचा सुचवलात. 1/30 सेकंदाचं एक्स्पोजर त्याने अर्ध्या मिनिटाच्या पुढे जातं. आधी फोकस, मग फोकस मॅन्युअलवर, मग काच, हा क्रम मी कॅमेऱ्याच्या बॅगेत लिहून ठेवलाय.

ग्रॅज्युएटेडवर फार वेळ घालवत नाही, कारण तो लांबच्या लेन्ससाठी घेऊच नकोस म्हणालात. तिथे काचेचा छोटासाच भाग वापरला जातो, त्यामुळे गडद ते फिका हा बदल सगळ्या फ्रेमभर पसरून पुसट होतो. वाइडवर मसाई पठाराच्या सपाट क्षितिजाला हार्ड (गडद-फिक्याची सीमा ठळक असलेला) चालतो. तटबंदी किंवा झाडं वर घुसली की सॉफ्ट (सीमा हळूहळू विरणारा).

काकू, तुमच्याकडची पिवळी, नारंगी, लाल फिल्टरांची जुनी डबी बघताना तुम्ही जे म्हणालात, ते मी माझ्या ओळखीच्या सगळ्यांना सांगते. कृष्णधवल फिल्मवर निळं आकाश गडद करायला लाल काच लागायची, आता ते काम संगणकावर नंतर होतं. म्हणून खर्च अशा काचेवर करावा जिचं काम नंतर करता येत नाही. पाण्याखालचा दगड चकाकीने झाकला गेला असेल तर कुठलंही सॉफ्टवेअर तो खरा परत आणत नाही. या एका कसोटीवर माझी लांबलचक यादी दोन काचांवर आली.

बाबूराव पेंटरांनी याच गावात स्वतःच्या हातांनी सिनेमाचा कॅमेरा घडवला. इथे कॅमेऱ्याची विद्या एकाकडून दुसऱ्याकडे हाताला धरून गेली आहे. तुम्ही त्याच वाटेवरच्या आहात, असं मला मनापासून वाटतं. गल्ला सोडून, शटर अर्धं ओढून, एका अनोळखी मुलीबरोबर तुम्ही रंकाळ्यावर आलात. दुकानात उभं राहून दहा काचा विकणं कितीतरी सोपं होतं.

तुमचा 82 मिलीमीटर व्यासाचा पोलरायझर आणि तो माझ्या 77 च्या लेन्सला लावायची स्टेप-अप रिंग अजून माझ्याकडे आहे. पातळ कडेच्या 77 च्या फिल्टरपेक्षा हे बरं, 16 वरही कोपरे काळे पडत नाहीत. फक्त हुड बसत नाही, म्हणून ऊन तिरकं आलं की हाताने सावली धरते. मी माझा 82 चा मागवलाय. तो आला की तुमचा पुसून, डबीत घालून, राऊतवाडीच्या दोन प्रिंटसह आणून देते. एका प्रिंटमध्ये डाव्या कोपऱ्यातल्या खडकावर चकाकी थोडी राहिली आहे. ती कोन चुकल्याने राहिली की तिथे फिल्टर मुळातच पोहोचत नाही, ते तुम्ही बघून सांगा.

तुमची कृतज्ञ,
मंगळवार पेठेतली 16-35 वाली मुलगी