'हाय-रेझ' योजनेतील फसवी तुलना आणि चुकीची लेबले: तक्रार व परताव्याची मागणी

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

महोदय/महोदया,

महागडी 'हाय-रेझ' (सीडीपेक्षा वरच्या दर्जाच्या आवाजाची) योजना खपवण्यासाठी तुमच्या संगीताच्या ॲपमध्ये 'फरक ऐका' हे बटण दिले आहे. त्यातले दोन्ही नमुने डॅकच्या (डिजिटल आवाजाचे विद्युत संकेत करणाऱ्या उपकरणाच्या) आउटपुटवरून रेकॉर्ड करून मोजले. 'हाय-रेझ' नमुना साधारण दीड डेसिबल मोठा आहे. एवढी वाढ कानाला 'आवाज वाढला' अशी जाणवत नाही, 'आवाज खुलला' अशी जाणवते. ध्वनीच्या धंद्यात हे कुणाला ठाऊक नसते, असे मी मानत नाही. पातळी 0.1 डेसिबलपर्यंत जुळवून, कोणता नमुना वाजतोय हे न कळू देता एबीएक्स चाचणी (तिसरा नमुना आधीच्या दोनपैकी कोणता, ते ओळखण्याची) घेतली की उत्तरे नाणेफेकीवर येतात. 2007 साली मेयर आणि मोरन या ध्वनी अभ्यासकांनी उच्च रिझोल्यूशनचा आवाज मध्येच 16 बिट, 44.1 किलोहर्ट्झमधून, म्हणजे सीडीच्या दर्जातून, फिरवून श्रोत्यांची परीक्षा घेतली, तेव्हाही 554 पैकी 276 उत्तरेच बरोबर आली.

दर्जाने कधीच फरक पडत नाही, असे माझे म्हणणे नाही. 96 केबीपीएसच्या (सेकंदाला 96 किलोबिटच्या) एमपी3मध्ये टाळ्या आणि झांजा चरचरतात, ते कुणालाही ऐकू येते. पण तुम्ही जादा पैसे घेता ते सीडीच्या वरच्या दर्जासाठी.

तो दर्जा तरी खरा आहे का? '24 बिट, 192 किलोहर्ट्झ' लिहिलेल्या काही फाइल्सच्या स्पेक्ट्रोग्राममध्ये (कोणत्या वारंवारतेचा आवाज किती, ते दाखवणाऱ्या चित्रात) 22 किलोहर्ट्झच्या वर सरळ रेषेत सगळे काळे आहे. सँपल रेटच्या (सेकंदाला घेतलेल्या आवाजाच्या नोंदींच्या) निम्म्या वारंवारतेपर्यंतचाच आवाज साठतो; म्हणजे मूळ 44.1चे, वरचा आकडा नुसता फुगवलेला. '24 बिट, 44.1' म्हणून दिलेल्या दोन फाइल्समध्ये प्रत्येक सँपलचे खालचे आठही बिट शून्य आहेत. हा 16 बिटचाच माल. एक फाइल तर 16 किलोहर्ट्झलाच कापलेली आहे, जे बहुधा 128 केबीपीएसच्या एमपी3चे लक्षण. अशा फाइल्सनी फक्त डेटा जळतो: 24/192चा कच्चा प्रवाह 9216 केबीपीएस, सीडीचा 1411.

शिवाय ब्लूटूथ हेडफोन जोडले तरी ॲपवर '192' चा बिल्ला झळकतच राहतो. ब्लूटूथच्या एसबीसी कोडेकमधून (आवाज दाबून पाठवण्याच्या पद्धतीतून) जेमतेम 328 केबीपीएस जातात, तेही पुन्हा कॉम्प्रेस होऊन. यावर तुमच्या मदतकेंद्राने 'चांगली केबल वापरा' असे उत्तर दिले. ब्लूटूथला केबल कुठली लावायची, तेही कळवावे.

तुलनेच्या नमुन्यांची पातळी जुळवा, फुगवलेल्या फाइल्सची लेबले बदला आणि प्रत्यक्ष बाहेर पडणारा सँपल रेट व कोडेक ॲपवर दाखवा. योजनेपोटी आजवर घेतलेली जादा रक्कम 30 दिवसांत परत करावी. फाइल्सची यादी, स्पेक्ट्रोग्राम आणि पातळीची मोजमापे सोबत जोडली आहेत. उत्तर लेखी हवे, आणि ते ध्वनी तंत्रज्ञाने तपासलेले असावे.

आपला,
एक वर्गणीदार