मधली तीस वर्षं कुठे गेली?

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीत इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलच्या पोर्टरीथ विमानतळावरचा लेख वाचला, छान आहे पण १९४१ च्या धावपट्ट्यांवरून उडी मारून तो थेट आजच्या रडारच्या घुमटावरच उतरलाय. मधलं सगळं गायब! युद्धात इथून विमानं उत्तर आफ्रिकेकडे जायची हे ठीक, पण १९५० नंतर याच जागेवर नॅन्सक्यूक नावाचं सरकारी केंद्र होतं आणि तिथे सरीन हे विषारी रसायन चक्क बनवलं जायचं (तेही टनांच्या हिशेबात), आणि नंतर आवराआवर करताना बरंचसं सामान तिथल्याच जुन्या खाणींच्या विवरांत टाकून दिलं, रडार आलं ते या सगळ्यानंतर, १९८० च्या सुमारास. लेखाला इतिहास म्हणायचं तर यावर निदान एक परिच्छेद हवाच होता.

– एक नियमित वाचक