अस्तर परत लावू देऊ नका

लीड्स, ४ मे

तीर्थरूप बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

दादाच्या लग्नात कोट घालणारच, हे तुम्ही फोनवर तीनदा सांगितलं. नवतप्यात, आपल्या दारव्ह्याकडच्या उन्हात, कोट! मायनं तर फोनच ठेवून दिला. तुम्ही ऐकणार नाही हे माहीत होतं, म्हणून मीच एक जुना कोट घेतला अन् गेले तीन रविवार तो उसवत बसले. नागपूरला येणाऱ्या मैत्रिणीसोबत पाठवते आहे. हे पत्र त्याच्याच खिशात आहे.

इथे लोकांनी दान दिलेले कपडे विकायची दुकानं असतात, तिथे सहा पाउंडांत मिळाला. जुना म्हणून नाक मुरडू नका. हे गाव कोटांचंच होतं. कोट-सूट शिवणाऱ्या बर्टन कंपनीच्या हडसन रोडवरच्या कारखान्यात एके काळी १०,००० च्या आसपास माणसं कामाला होती. आपल्या गावासारखी पाच गावं मिळूनही एवढी माणसं भरायची नाहीत. दुकानात मी कोट आधी दिव्यासमोर धरून पाहिला. लोकर आहे, पण पातळ अन् साध्या विणीची, पलीकडचा उजेड कळतो. मग छातीवरचं कापड चिमटीत धरून ओढलं, तर आत तिसरा थर सुटा लागला. म्हणजे कॅनव्हास, छातीला आकार देणारं आतलं कापड, शिवलेलं आहे, चिकटवलेलं नाही. चिकटवलेल्या कोटाला पुढेमागे फुगे येतात.

गरम होतं ते लोकरीनं नाही, बाबा, अस्तरानं. अस्तर होतं पॉलिस्टरचं. ते घाम शोषत नाही अन् हवाही जाऊ देत नाही, पाठीला प्लास्टिकची पिशवी बांधल्यासारखं होतं. म्हणून पाठीचं अस्तर खांद्याखाली एक वीत ठेवून बाकी सगळं कापलं. बाह्यांचं मात्र ठेवलं. ते काढलं असतं तर घामेजलेला सदरा लोकरीला धरला असता अन् हात आत गेलाच नसता.

अस्तर निघालं की शिवणींच्या उघड्या कडा दिसतात, त्यांचे दोरे सुटतात. त्या बांधायला उरेब, म्हणजे तिरकी कापलेली, पट्टी लागते. मायनं गोधडीसाठी म्हणून बांधून दिलेलं हिरवं सुती पातळ आठवतं? त्याच्याच पट्ट्या कापल्या. रंग कोटाला लागू नये म्हणून आधी तीनदा धुतलं. आता राखाडी कोटाच्या आत सगळीकडे हिरव्या रेघा आहेत. व्याह्यांसमोर कोट उघडला नाही तर कोणाला दिसणार नाही. मायला मात्र दाखवा.

खांद्यांतल्या गाद्याही काढल्या. त्या निघाल्यावर बाहीच्या डोक्याशी खळगा पडला, कोट हँगरवरच आजारी दिसायला लागला. मग एका गादीचे थर सोडवून दोन्हीकडे एकेक पातळ थर परत घातला. मागच्या काठाजवळ कात्री चुकून आत गेली. रफू केलं आहे, जवळून पाहिलं तर कळतं. जवळून पाहू नका.

बाह्यांची लांबी मी सोडली आहे, तुमचं माप फोनवर काय घेणार? ती शिंपीकाकांकडून करून घ्या. ते कोट उलटा करून म्हणतील, "पोरीनं अर्धाच शिवला वाटते," अन् चांगलं चकचकीत अस्तर लावून देतो म्हणतील. लावू देऊ नका. हवं तर माझ्याशी बोलायला लावा. इस्त्री थेट फिरवली की लोकर चकाकते, म्हणून वरून ओलं फडकं टाकायला सांगा. लग्नानंतर मायनं तो निरम्यात भिजवू नये, आटेल. रात्री ओसरीवर वाऱ्याला टांगला तरी पुरे.

वरात चारला निघणार म्हणे. चारला! निदान कोट मांडवाजवळ पोचल्यावर घाला, तोवर दादाच्या मित्राजवळ द्या अन् डोक्याला दुपट्टा बांधा. ताक पीत राहा.

ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवाल, ते काही मी थांबवू शकत नाही. फक्त डाव्या खिशात ठेवू नका. अस्तर गेल्यापासून त्याची पिशवी मोकळी लोंबते आहे, मी कच्चे टाकेच घातले आहेत.

तुमची,
ताई